गवारीला ओवा, भोपळ्याला मेथी

मराठी घरातल्या मिसळणाच्या डब्यात साधारण सात वाट्या असतात. मोहरी, जिरे, हळद, तिखट, मेथ्या, धणेजिरेपूड आणि गोडा मसाला. हिंगाची डबी वेगळी ठेवायची, नाहीतर सगळ्या डब्याला तोच वास लागतो. ओवा, तीळ, आमसुलं यांच्या बरण्या मागच्या फळीवर. एवढ्याशा सामग्रीवर घरातलं दोन वेळचं जेवण वर्षानुवर्षं निघतं, आणि तरीही सोमवारची गवार मंगळवारच्या भोपळ्यासारखी लागत नाही. कारण रांधणाऱ्या माणसाला कुठल्या भाजीला काय चालतं हे पाठ असतं. गवार मोडायला घेतली की हात ओव्याच्या बरणीकडे जातो. लाल भोपळ्याला मेथ्या, शेपूला लसूण, अळूला चिंच, कुळथाच्या पिठल्याला आमसूल, बांगड्याला तिरफळ, पुरणाला जायफळ. कोणी शिकवायला बसत नाही आणि कोणी शिकायला बसत नाही. ओट्याजवळ उभं राहून हे अंगात भिनतं.

सणाच्या पक्वान्नांची आपण काळजी घेतो. पुरणपोळीचे वर्ग भरतात, उकडीच्या मोदकांच्या स्पर्धा होतात. रोजच्या भाजीतल्या या जोड्यांना मात्र कोणी वाली नाही. आलं-लसणाचं वाटण, कांदा-टोमॅटो आणि पाकिटातला एकच मसाला असा तिन्ही त्रिकाळ चालणारा रस्सा गावोगावच्या स्वयंपाकघरांत पोचला आहे. त्यात गवार घाला, फ्लॉवर घाला, पनीर घाला, चव तीच. पोट भरतं, पण भाजी कुठली होती हे डोळे मिटून सांगता येत नाही. म्हणून या जोड्या एकदा नीट मांडून पाहाव्यात, त्यांच्यामागची कारणं शोधावीत, असं फार दिवस मनात होतं.

एका भाजीला एकच सोबती

गवारीपासूनच सुरुवात करू. गवारीला स्वतःची तुरट-कडवट चव असते, शेंग जून असेल तर ती जास्तच बोचते. शिवाय गवार वातूळ समजली जाते. म्हणून तेलात मोहरी तडतडली, हिंग पडला, की चिमूटभर ओवा तळहातावर चुरडून टाकायचा. ओव्याच्या तेलाचा मुख्य घटक थायमॉल. त्याचा झणका शेंगेच्या तुरटपणावर मात करतो आणि जेवण झाल्यावर पोटालाही बरं वाटतं. वर दाण्याचं कूट आणि गुळाचा खडा. गूळ विसरला तर ओवा औषधासारखा लागतो. ओवा विसरला तर गूळ पोरका वाटतो. हाच ओवा घोसाळ्याच्या, बटाट्याच्या भज्यांच्या पिठात पडतो, कारण हरभऱ्याचं पीठ आणि तळण दोन्ही जड.

लाल भोपळ्याचं अगदी उलट. तो गोड, मऊ, काहीसा पाणचट. त्याला कडूची जोड लागते. तेल तापल्यावर मेथ्या टाकायच्या आणि त्या लालसर होईपर्यंतच थांबायचं. काळ्या पडल्या तर सगळी भाजी कडू. मग हिंग, हळद, मिरची आणि सालीसकट चिरलेल्या फोडी. झाकणावर पाणी ठेवून वाफ आणायची, शेवटी थोडा गूळ, ओलं खोबरं. मऊ गोड फोडीबरोबर एखादा मेथीचा दाणा दाताखाली येतो आणि त्या कडवटपणामुळे भोपळा आहे त्याहून गोड लागतो. यात आणखी एक मेख आहे. मेथीच्या वासाला जबाबदार असलेला सोटोलॉन नावाचा घटक थोड्या प्रमाणात असला की जळक्या साखरेसारखा दरवळतो. म्हणजे चवीला कडू असलेली मेथी वासाने गुळाच्या गोत्रातली. उन्हाळ्यात कैरीचा मेथांबा करतो तेव्हा आंबट कैरी, गूळ आणि मेथ्या या तिघांचं जमतं ते यामुळेच.

शेपूचं प्रकरण निराळं. शेपूचा वास असा की ज्याला आवडतो त्याला फार आवडतो आणि ज्याला नाही तो पंगतीतून उठतो. अशा भाजीसमोर सौम्य मसाला टिकत नाही. तिला लसूणच हवा, तोही ठेचून आणि भरपूर, चांगला लालसर होईस्तोवर तळलेला. भिजवलेली मूगडाळ मधे पडून दोघांचा जोर वाटून घेते. मराठवाड्यात, विदर्भात आंबाडीच्या भाजीवर वरून लसणाची कडकडीत फोडणी ओततात. आंबट पाला, ज्वारीच्या कण्या, वर तेल-लसूण आणि शेजारी भाकरी. तिथे लसूण आंबटपणाची धार बोथट करतो.

अळू आणि सुरण यांना आंबट लागतं ते निव्वळ चवीसाठी नाही. दोन्हींत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, त्यांनी घसा खवखवतो. म्हणून अळूच्या फदफद्यात चिंच किंवा आंबट चुका, सुरणाला आमसूल किंवा चिंच, ही रीत घरोघर पाळली जाते. मग त्या आंबटाला तोलायला गूळ आला, गुळाला तोलायला तिखट आलं, आणि हरभऱ्याची डाळ, शेंगदाणे, खोबऱ्याचे काप घातलेलं लग्नाच्या पंगतीतलं अळू तयार झालं.

दोडका, पडवळ, तोंडली, दुधी या गरीब भाज्या. त्यांना मसाल्यांचा मारा सोसत नाही. मोहरी, हिंग, हिरवी मिरची, वर ओलं खोबरं किंवा तिळा-कारळाचं कूट. दोडक्याच्या शिरा काढल्या तर त्यांची चटणी तिळाबरोबर भाजून होते. भाजीला सोबती असा द्यायचा की तिचं स्वतःचं म्हणणं ऐकू यावं.

एवढ्यावरूनही या जोड्यांमागचे चार विचार दिसतात. भाजीत जे उणं आहे ते मसाल्याने भरून काढायचं, जसं भोपळ्याला कडू. जे खटकतं ते आवरायचं, जसा अळूचा खवखवाट. जोरकस चवीला तोडीस तोड सोबती द्यायचा, जसा शेपूला लसूण. आणि भाजी मुळातच सौम्य असेल तर मसाल्याने मागे उभं राहायचं. पिढ्यान् पिढ्या बायकांनी हे चार विचार रोजच्या व्यवहारात चालवले.

डाळ शिजली की हिंग

रोजच्या ताटातली सर्वांत पक्की जोडी कुठली असेल तर तुरीची डाळ आणि हिंग. साधं वरण म्हणजे डाळ, हळद, हिंग, मीठ आणि किंचित गूळ. भातावर ते, वर तूप, लिंबाची फोड. यातला हिंग काढला तर बाकी सगळं असूनही वरण फिकं पडतं.

डाळी-कडधान्यांत रॅफिनोज, स्टॅकिओज अशा शर्करा असतात. त्या पचवायला लागणारं विकर आपल्या आतड्यात नसतं. तिथले जीवाणू त्यांच्यावर ताव मारतात आणि वायू धरतो. म्हणून डाळीबरोबर वायुहारक म्हणून ओळखले जाणारे मसाले आले: हिंग, जिरे, आलं, ओवा. आयुर्वेदातलं हिंग्वाष्टक चूर्ण पाहिलं तर त्यात सुंठ, मिरी, पिंपळी, अजमोदा, सैंधव, जिरे, शहाजिरे आणि हिंग. ते तूपभाताच्या पहिल्या घासाबरोबर घ्यायचं. औषधाची पुडी आणि मिसळणाचा डबा यांच्यात आपल्याकडे फार अंतर कधी नव्हतंच.

हिंगाची गंमत अशी की इतक्या मराठी जोडीतला हा जोडीदार परदेशचा. फेरुला नावाच्या वनस्पतीच्या मुळाला चीर दिली की जो चीक पाझरतो तो वाळवून हिंग होतो. ती वनस्पती वाढते अफगाणिस्तान, इराण, उझबेकिस्तान या थंड, कोरड्या मुलखात. भारतात हिंगाची लागवड करण्याचा प्रयत्न पालमपूरच्या हिमालयीन जैवसंपदा तंत्रज्ञान संस्थेने ऑक्टोबर २०२० मध्ये लाहौलच्या खोऱ्यात रोपं लावून सुरू केला. आपण दुकानातून आणतो तो बांधणीचा हिंग. शुद्ध हिंग इतका उग्र की त्यात डिंक आणि पीठ मिसळूनच तो वापरण्याजोगा होतो. हिंगाला वास येतो तो गंधकाच्या संयुगांचा, आणि कांद्या-लसणाचा वासही त्याच जातीचा. ज्या घरांत किंवा ज्या दिवशी कांदा-लसूण वर्ज्य, तिथे हिंगावर भार पडतो तो यामुळे. चातुर्मासातली आमटी बेचव लागत नाही याचं श्रेय त्या चिमटीला.

डाळ बदलली की सोबतीही बदलतो. मुगाला जिरे आणि आलं, मसुरीला लसूण, कुळथाला लसूण आणि आमसूल. वालाच्या डाळिंब्यांना मोहरी, जिरे, ओलं खोबरं, गूळ, आमसूल. वालाला अंगचीच किंचित कडू चव असल्याने तिथे गुळाचा हात सढळ लागतो. मटकीला कुठे गोडा मसाला, तर कोल्हापुरात कांदा-लसूण चटणी. ताकाच्या कढीला कढीपत्ता, आलं आणि चार मेथ्या. प्रत्येक जोडीत डाळ ऐकू आली पाहिजे, एवढी एक अट.

आधी कोण, मग कोण

जोडी ठरली तरी ती जुळवायची कशी, यातही शास्त्र आहे. मसाल्यांचा बहुतेक सुगंध तेलात विरघळणारा असतो, पाण्यात नाही. म्हणून फोडणी. तेल तापलं की आधी मोहरी, कारण तिला तडतडायला चांगलं कडक तेल लागतं. ती उडायची थांबली की जिरे. ते लगेच फुलतात. मग गॅस मंद करून हिंग. मग कढीपत्ता आणि मिरची. पानांतलं पाणी तेलात पडून तेलाचा ताव जरा उतरतो. हळद सगळ्यांत शेवटी, कारण ती क्षणात करपते. तिच्या मागोमाग भाजी पडलीच पाहिजे. हा क्रम उलटला तर तेच मसाले, तेच तेल, तीच भाजी, पण चव गेलेली असते. मोहरी कच्ची राहिली तर कडू लागते, हळद जळली तर सगळी भाजी मातकट होते.

एकाच मोहरीची दोन रूपं पाहिली की हे अधिक स्पष्ट होतं. मोहरीच्या दाण्यात तिखट असा काही तयार घटक नसतो. दाणा फुटून ओला झाला की त्यातलं विकर सिनिग्रिन नावाच्या घटकावर काम करतं आणि नाकात झिणझिण्या आणणारा झणका तयार होतो. गरम तेलात ते विकरच मरतं, म्हणून फोडणीतली मोहरी खमंग लागते, झणझणीत नाही. कैरीच्या लोणच्याला मात्र झणकाच हवा असतो, तिथे मोहरी फेसून घालतात. गोव्यात पिकल्या रायवळ आंब्यांचं सासव करतात. ओलं खोबरं, लाल मिरची आणि मोहरी वाटून, गूळ घालून, त्यात आख्खे आंबे. गोड आंब्याला मोहरीचा तो ओला झणका असा काही चढतो की ज्याने एकदा खाल्लं त्याला दरवर्षी मे महिन्यात त्याची आठवण होते. कोबीला फोडणीची मोहरी आणि आंब्याला वाटलेली, एकाच दाण्याची दोन कामं.

लसणाचंही तसंच. आख्खी पाकळी शांत असते; ठेचली की त्यातून ॲलिसिन तयार होतं आणि वास सुटतो. म्हणून शेपूला ठेचलेला, शेंगदाण्याच्या चटणीत कुटलेला आणि वांग्याच्या भरतात भाजलेला लसूण अशा तीन वेगळ्या चवी होतात. कोथिंबिरीच्या पानांचा वास उष्णतेने पटकन उडतो, त्यामुळे ती गॅस बंद केल्यावर. तिचे देठ मात्र वाटणात टिकतात, ते टाकून देऊ नयेत.

बांगडा आणि तिरफळ

कोकणात आणि गोव्यात एक जोडी अशी आहे की तिच्यात ढवळाढवळ केलेली कोणी खपवून घेत नाही. बांगड्याच्या कालवणात तिरफळ. गोव्यात याला तेफळ म्हणतात. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात सोलं, खोला मिरची आणि गावठी मिठाच्या शेजारी वाळलेल्या तेफळांचे ढीग दिसतात. काट्याकाट्यांच्या उंच झाडावर पावसाळ्यात हे हिरवे घोस लागतात. वाळलं की फळ उकलतं, आतली काळी बी काढून टाकायची. उपयोग असतो तो वरच्या टरफलाचा. चीनमधली सिचुआन मिरी याच कुळातली. टरफल चावलं की जीभ जरा बधिर होते, झिणझिणते आणि लिंबाच्या सालीसारखा वास मागे राहतो.

बांगडा, तारली, पेडवे हे तेलकट, उग्र वासाचे मासे. ओल्या खोबऱ्याचं वाटण, त्यात लाल मिरची, हळद आणि चिंच किंवा सोलं. रस उकळला की बांगड्याच्या तुकड्यांबरोबर सात-आठ तिरफळं हलकी ठेचून सोडायची. वाटणात ती वाटायची नाहीत, नाहीतर रस कडू होतो. शेवटी वरून चमचाभर कच्चं खोबरेल. या कालवणाला वरून फोडणी नाही, गरम मसाला तर नाहीच. तिरफळ आणि लसूण एका भांड्यात आले की दोघांचंही वाटोळं होतं, हे तिथली माणसं ठामपणे सांगतात आणि चव घेतली की पटतं. पापलेट किंवा सुरमईला सहसा तिरफळ घालत नाहीत. त्या माशांच्या नाजूक चवीवर ते कुरघोडी करतं. त्याच बांगड्याचं उड्डमेथी केलं तर तिथे तिरफळ जातं आणि उडीद-मेथ्या येतात, तेलावर खरपूस भाजून खोबऱ्याबरोबर वाटलेल्या. तेलकट माशाला एकतर झिणझिण्या आणणारं किंवा कडू, असं काहीतरी धारदार लागतं, हे किनाऱ्यावरच्या घरांनी दोन वाटांनी शोधून काढलं.

हळदीच्या पानाची जोडीही अशीच ठरलेली. पावसाळ्यात अंगणातली हळद उंच झाली की नागपंचमीला, गौरी-गणपतीला पातोळ्या होतात. पानावर तांदळाचं पीठ पसरून मधे गूळ-खोबरं, पान दुमडून वाफवायचं. पान खायचं नसतं, त्याचा फक्त गंध पिठात उतरतो. गोव्यातली ख्रिस्ती घरंही १५ ऑगस्टला, मारियेच्या स्वर्गारोहणाच्या सणाला, याच पातोळ्या करतात. धर्म वेगळा, पान तेच.

एकच डाळ, दोन चवी

या सगळ्या विचाराचा कस पाहायचा असेल तर होळीचा स्वयंपाक पाहावा. हरभऱ्याची डाळ शिजते, ती चाळणीवर उपसून ठेवतात. वर राहते ती डाळ, खाली उतरतो तो कट. डाळीत गूळ पडतो, पुरण घट्ट शिजतं, आणि पुरणयंत्रातून काढताना त्यात जायफळ, वेलची. खालच्या कटाला मात्र लवंग-दालचिनी, गोडा मसाला, भाजलेलं सुकं खोबरं, चिंच किंवा आमसूल, कढीपत्ता. एका पातेल्यातली डाळ, दोन दिशांना गेली. पोळी गोड आणि जड, आमटी पातळ, आंबट-तिखट. एक घास पोळीचा, एक भुरका कटाचा. गोड डाळीला उबदार जायफळ आणि पातळ पाण्याला लवंगेचा तिखट सुगंध, या निवडीत काहीही अदलाबदल करून पाहा, दोन्ही पदार्थ पडतात.

आमरसात चिमूटभर सुंठ किंवा मिरपूड आणि तूप, शिकरणात वेलची, श्रीखंडात वेलची-जायफळ-केशर, गुळाच्या चहात सुंठ, साध्या चहात पावसाळ्यात गवती चहा. गोडाच्या मसाल्यांचं गणित मोजकं आहे आणि म्हणूनच चुकत नाही. जायफळ मुळात इंडोनेशियातल्या बांदा बेटांचं. आता कोकणात नारळ-सुपारीच्या सावलीत त्याची लागवड होते. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने जायफळाची ‘कोकण सुगंधा’, दालचिनीची ‘कोकण तेज’ आणि कोकमाची ‘कोकण अमृता’ अशा जाती दिल्या आहेत. एकेकाळी समुद्रापलीकडून येणारा मसाला आता परसात पिकतो.

मिरचीही अशीच आलेली. कल्याणीच्या चालुक्यांचा राजा तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातल्या ‘मानसोल्लास’ ग्रंथात खाण्यापिण्याचं सविस्तर वर्णन आहे. त्यात हिंग आहे, मिरी आहे, आलं आहे, मिरची नाही. ती पोर्तुगीजांबरोबर सोळाव्या शतकात आली आणि पुढे भिवापूर, नंदुरबार अशी गावं तिच्यासाठी ओळखली जाऊ लागली. परकी वस्तू आपलीशी झाली, कारण तिला आपल्या पदार्थांत नेमकी जागा सापडली.

मसाला मिसळतो तेव्हा

मिसळलेल्या मसाल्यांना माझा विरोध नाही. आपले मसाले मिसळूनच तर झाले आहेत. गोड्या मसाल्यात धणे, तीळ, सुकं खोबरं, जिरे, शहाजिरे, लवंग, दालचिनी, तमालपत्र, नागकेशर आणि दगडफूल. हे दगडफूल म्हणजे शैवाल आणि बुरशी यांच्या सहजीवनातून झाडाच्या सालीवर वाढणारं दगडी रंगाचं, नावापुरतं फूल. नुसतं हुंगलं तर मातीसारखं लागतं. तेलावर भाजलं की त्याचा खोल, धुरकट वास सुटतो आणि भरली वांगी, तोंडलीभात, चिंच-गुळाची आमटी यांना तोच वास लागतो. खानदेशच्या काळ्या मसाल्यात कांदा आणि सुकं खोबरं काळपट होईतो भाजतात, तो शेवभाजीचा. कोल्हापूरच्या चटणीत कांदा-लसूण. ती उसळींची आणि रश्शाची. मराठवाड्याचं येसर आमटीचं, मेतकूट मऊ भाताचं. वसई-मुंबईच्या ईस्ट इंडियन समाजाचा बाटलीत ठासून भरलेला बॉटल मसाला त्यांच्या घरच्या रश्शांचा. प्रत्येक मिश्रणाला त्याची हद्द आहे. काळा मसाला कोणी अळूत घालत नाही.

मुंबईत लालबागच्या मिरची गल्लीत उन्हाळ्यात गेलं की हे बघायला मिळतं. बेडगी रंगाला, संकेश्वरी किंवा लवंगी तिखटाला, काश्मिरी दिसायला, अशी मिरच्यांची निवड चालते. धणे, बडीशेप, लवंग, जायपत्री, चक्रीफूल कागदावर वेगवेगळं मोजून घेतलं जातं. मालवणी मसाल्याचं प्रमाण घराघराचं वेगळं, आणि ते कागदावर लिहून आणलेलं असतं. मिरच्या कडक उन्हात वाळवलेल्या, मसाले एकेक करून भाजलेले, कारण धणे आणि दगडफूल एकत्र भाजले तर धणे कच्चे राहतात आणि दगडफूल जळतं. मग डंखावर कुटायला द्यायचं. लोखंडी मुसळं खाली-वर होत असतात, हवेत तिखट भरलेलं असतं, आणि बायका आपला मसाला दुसऱ्याच्या मसाल्यात मिसळू नये म्हणून शेवटपर्यंत तिथेच उभ्या राहतात. पातेल्यात पडलेला पहिला मसाला त्या चिमटीत घेऊन हुंगतात आणि तिथल्या तिथे सांगतात, बडीशेप जरा जास्त झाली.

अशी जाण असेल तर मिश्रण वापरायला हरकत नाही. अडचण होते ती ‘सर्व भाज्यांसाठी’ असं लिहिलेल्या पाकिटाची. सर्व भाज्यांना चालणारा मसाला म्हणजे कुठल्याच भाजीची विचारपूस न करणारा मसाला.

गणिताने सांगितलेली गोष्ट

पदार्थांच्या जोड्यांचा अभ्यास गणिती पद्धतीनेही झाला आहे. २०११ मध्ये योंग-योल आन, आल्बर्ट-लास्लो बाराबाशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हजारो पाककृती तपासून दाखवलं, की पाश्चात्त्य स्वयंपाकात एकमेकांशी मिळतेजुळते सुगंधी घटक असणारे जिन्नस एकत्र येतात. पूर्व आशियात ते टाळले जातात. २०१५ मध्ये जोधपूरच्या आयआयटीत गणेश बागलर, अनुपम जैन आणि राखी यांनी तोच प्रश्न भारतीय स्वयंपाकाला विचारला. तरला दलाल यांच्या संग्रहातल्या २५४३ पाककृती त्यांनी घेतल्या, त्यांत आठ प्रांतांचे आणि समाजांचे प्रकार होते, मराठीही. निष्कर्ष असा, की भारतीय पदार्थात सुगंधाने सारखे असलेले जिन्नस क्वचितच एकत्र येतात, आणि या वेगळेपणाला सर्वांत जास्त कारण मसाले. पाककृतीतले मसाले उचलून त्यांच्या जागी भलतेच घातले, की हा आकृतिबंध मोडतो.

भोपळ्याला मेथी घालणाऱ्या बाईला ही गोष्ट कोणी सांगायची गरज नव्हती. पण आकड्यांनी तिच्या निवडीला दुजोरा दिला, ही समाधानाची बाब आहे. लक्ष्मीबाई धुरंधरांनी १९१० मध्ये ‘गृहिणीमित्र’मध्ये हजार पाकक्रिया लिहिल्या, कमलाबाई ओगल्यांनी १९७० मध्ये ‘रुचिरा’तून वाटी-चमच्याची मापं घरोघर पोचवली. त्या पुस्तकांत कृती आहेत. कृतीमागचं ‘का’ मात्र अजूनही बहुतांशी तोंडीच राहिलं आहे.

फराळाच्या ताटातून

दिवाळीत घरोघर फराळ डब्यांत भरला जातो. त्या ताटाकडे या नजरेने पाहा. चकलीत ओवा आणि तीळ. शेवेतही ओवा, पण तो वाटून, गाळून, त्याचं पाणी. आख्खा दाणा सोऱ्याच्या छिद्रात अडकतो. चिवड्यात कढीपत्ता कुरकुरीत तळूनच पडला पाहिजे, ओलसर राहिला तर पातळ पोहे मऊ पडतात. सोबत आख्खे धणे, बडीशेप. करंजीच्या सारणात भाजलेली खसखस आणि वेलची. अनारशाला एका अंगाने खसखस. बेसनाच्या लाडवाला वेलची-जायफळ. जड, तळलेल्या पदार्थाला ओवा, तुपाच्या गोडाला जायफळ. रोजच्या भाजीतला तोच विचार सणाच्या ताटात उभा आहे.

आता नव्या घरांकडे येऊ. नोकरीसाठी एकटी राहणारी मुलं-मुली, परदेशी गेलेली कुटुंबं, पहिल्यांदाच ओट्यापाशी उभे राहिलेले वडील. त्यांच्या पिशवीत गवार नसेलही. ब्रोकोली असेल, बटरनट स्क्वॉश असेल, केल असेल. या जोड्या नुसत्या पाठ असतील तर त्यांना तिथे काही सुचणार नाही. कारणं माहीत असतील तर नक्की सुचेल. ब्रोकोली ही कोबीचीच सख्खी बहीण, एकाच प्रजातीची. तिला मोहरी, हिंग, हिरवी मिरची आणि भिजवलेली हरभऱ्याची डाळ घाला. बटरनट स्क्वॉश म्हणजे परदेशातला लाल भोपळा. त्याला मेथ्यांची फोडणी आणि गुळाचा खडा द्या. केलचा पाला उग्र, त्याला शेपूसारखा ठेचलेला लसूण आणि मूगडाळ. उग्र तेलकट मॅकरेल मिळाला तर तो आपला बांगडाच समजा आणि गावाहून येताना मूठभर तिरफळं बरोबर न्या.

त्यासाठी फार काही लागत नाही. मसाले आख्खे आणि थोडे थोडे आणावेत. आठवड्यातून निदान दोन भाज्या कांदा-टोमॅटोशिवाय, एकाच मसाल्यावर करून पाहाव्यात. घरात आई, आजी, काकू, आत्या असतील तर त्यांना कृती विचारण्याआधी ‘याला हेच का घालायचं?’ हे विचारावं आणि उत्तर वहीत उतरवून ठेवावं. कधी उत्तर पोटाचं असेल, कधी चवीचं, कधी ‘आमच्याकडे हेच पिकायचं’ एवढंच. तिन्ही उत्तरं खरी आहेत. ती ज्याच्या वहीत आहेत, त्याच्या पुढ्यात उद्या कुठल्याही देशाची, कुठल्याही नावाची भाजी आली तरी तो अडणार नाही.